गोलाईजवळची आमची विटांची आडत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या गंज गोलाई या बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर आमची दोन मजली, पक्क्या विटांची जुनी आडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणारी पेढी, आहे. पणजोबांनी बांधलेली. खाली गादी आणि गोदाम, वर मुनिमांची खोली आणि बाहेरगावच्या शेतकऱ्यांना मुक्कामाला जागा, अशी तिची मूळ मांडणी. आता खाली चार दुकानं आहेत, त्यातली तीन भाड्यानं. भिंतींवरचं सिमेंट उतरवून आम्ही चुन्यात दुरुस्ती सुरू केली, तेव्हापासून येणारे-जाणारे थांबतात आणि विचारतात. वास्तुकलेची मुलं-मुली येतात, शेजारचे दुकानदार येतात. परभणी, जालना, सेलू इकडचे, घरी असलीच इमारत असलेले लोकही फोन करतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

इमारत किती जुनी आहे?

गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर "पोलीस ॲक्शनच्या आधीची" एवढंच सांगतील. आमच्याकडे काळ असाच मोजतात: रझाकारीच्या आधी, पोलीस ॲक्शननंतर, बहात्तरच्या दुष्काळात, किल्लारीच्या भूकंपाच्या साली.

इमारत स्वतःही सांगते. वरच्या मजल्याच्या जमिनीखाली लोखंडी गर्डर आहेत आणि त्यांच्यावर शहाबादी फरश्या टाकल्या आहेत. असला जड माल लांबून बैलगाडीनं आणणं त्या काळच्या आडत्याला परवडलं नसतं, तो रेल्वेनं आला. बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली १९११ साली. निजामाचं राज्य संपलं १७ सप्टेंबर १९४८ ला. या दोन सालांच्या मधली ही इमारत, म्हणजे सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या कारकिर्दीतली.

जुन्या कागदांवर तेराशे-कितीतरी साल आहे. ते कसं वाचायचं?

ते फसली साल. हैदराबाद संस्थानाचा सरकारी कारभार उर्दूत आणि फसली सनात चालायचा, म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या खरेदीखतांवर इसवी सन बहुधा दिसतच नाही. संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, पहिला महिना आजूर. वर्ष सुरू झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५९० मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. कागदावर १३४० असेल तर ते ऑक्टोबर १९३० ते ऑक्टोबर १९३१ या काळातलं.

रकमेपुढं "हाली" की "कलदार" तेही बघा. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. हे न बघता किंमत लावली की सगळा हिशेब चुकतो. आमच्या चोपड्यांत एकाच पानावर दोन्ही रकाने आहेत: गावातला व्यवहार हालीत, मुंबईकडचा कलदारात.

घरात असे कागद असतील तर लॅमिनेशन अजिबात करू नका. सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून लांब, लाकडी पेटीत ठेवा. आणि उर्दू वाचणारं जाणतं माणूस गावात आहे तोवर त्यांच्याकडून वाचून घेऊन मराठीत उतरवून ठेवा. आमचे अर्धे कागद आम्ही शेजारच्या चाचांना दाखवले म्हणून समजले. ते आता नाहीत.

मराठवाडा तर दगडाचा प्रदेश. मग विटा का?

जोत्यापर्यंत आमचीही इमारत काळ्या दगडाचीच आहे. वीट सुरू होते ती जोत्याच्या वर. या भागातल्या गढ्या आणि वाडे पाहा, खाली दगड, वर वीट, हीच रीत. पावसाचं आणि जमिनीतलं पाणी दगड सोसतो. वर गेल्यावर वजन कमी हवं, महिरप वळवायची असते, कोनाडे काढायचे असतात, तिथं वीट सोपी पडते.

आणि वीट इथं परकी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या. तेर म्हणजे जुनं तगर, पैठणबरोबर ज्याच्या मालाचा उल्लेख ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदींत आहे, जिथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. मागची बाजू बौद्ध चैत्यासारखी अर्धगोल आणि वरचं छप्परही तसंच वळवलेलं. उत्तरेश्वराच्या देवळातलं विटांवरचं कोरीव काम बघितलं की वीट म्हणजे स्वस्तातला माल ही समजूत तिथंच गळून पडते. व्यापाराचं गाव आणि विटेचं बांधकाम ही जोडी आमच्या भागात दीड हजार वर्षांहून जुनी आहे.

गंज गोलाई आणि रेल्वे यांच्याशी इमारतीचा काय संबंध?

त्यांच्याशिवाय ही इमारत उभीच राहिली नसती. बार्शी लाइट ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. कुर्डुवाडीला मोठ्या लायनीशी तिची गाठ पडायची. लातूरचा माल तिथून मुंबईला जाऊ लागला आणि भोवतालच्या तालुक्यांतल्या गाड्या लातूरकडं वळल्या. पाठोपाठ १९१७ साली गोलाईची दुमजली गोल इमारत झाली, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती १६ रस्ते. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार बसला: सराफा इकडं, गूळ तिकडं, मिरची आणखी पलीकडं. आमच्यासारख्या आडती त्या रस्त्यांच्या मागच्या बोळांत उभ्या राहिल्या.

मराठवाड्याच्या उत्तर भागात हेच काम मनमाड-हैदराबाद मीटरगेज लायनीनं केलं. जालना, परभणी, नांदेड इथले मोंढे (धान्यबाजार), सरकीचे आणि कापसाचे कारखाने तिच्याच आधारानं वाढले. त्यामुळं तुमच्या गावातल्या जुन्या विटांच्या इमारतीचा काळ काढायचा असेल तर आधी स्टेशन कधी झालं ते शोधा.

ती छोटी गाडी आता नाही. २००७-०८ मध्ये लाइन ब्रॉडगेज झाली.

इथं नेमकं काय चालायचं?

सुगीत पहाटेपासून बैलगाड्या यायच्या. जोत्याच्या दगडांत लोखंडी कड्या आहेत, त्यांना बैल बांधायचे. मोठ्या दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून दीडेक हातावर, विटा गोल झिजलेल्या दिसतील. गाडी आत घेताना आख घासून घासून त्या झिजल्या. दुरुस्तीच्या वेळी एका गवंड्यानं त्या "खराब" विटा काढून नव्या बसवायला घेतल्या होत्या. आम्ही वेळेवर पोचलो.

ज्वारी, तूर, हरभरा, करडई, भुईमूग, गूळ, कापूस असा माल यायचा. माल शेतकऱ्याचा, खरेदीदार दुसरा, आणि मध्ये आडत्या. माल उतरवून घेणं, विकून देणं, पैसे हातात ठेवणं आणि गरज पडली तर पुढच्या पिकावर उचल देणं हा त्याचा धंदा. गादीवर मुनीम, काट्यावर मापाडी, पाठीवर पोतं घेतलेला हमाल. वरच्या खोलीच्या भिंतीत लाकडी फळ्यांचे कोनाडे आहेत, त्यांत लाल कापडात बांधलेल्या चोपड्या असायच्या. पाडव्याला त्यांची पूजा व्हायची.

सौदा बोलून होत नसे. उपरण्याखाली आडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. याला हत्ता म्हणायचे. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा असायचा आणि कापडाखाली काय ठरलं ते त्याला कळत नसे. वर कडता (वजनातली कापणी), धर्मादाय, तोलाई, हमाली अशी कापाकापी. हे मी लपवत नाही. इमारत जपायची म्हणून तिच्यात घडलेलं सगळं चांगलंच होतं असं म्हणायची गरज नाही. हैदराबाद संस्थानानं १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला, पुढं महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला आणि उघड लिलाव हा नियम झाला. आडत बाजार मार्केट यार्डात गेला आणि गोलाईभोवतीच्या इमारतींत किरकोळ दुकानं आली.

गोदामात तेलरंग खरवडताना आम्हाला कोळशाच्या रेघा सापडल्या. चार उभ्या, पाचवी आडवी, पुन्हा चार उभ्या, पुन्हा आडवी. हमालांनी पोती मोजली होती. काही ठिकाणी रेघ पुसून पुन्हा ओढलेली आहे, बहुतेक मोजणीवरून वाद झाला असावा. खरेदीखतावर पणजोबांचं नाव आहे, चोपडीत मुनिमाचं अक्षर आहे. ज्यांच्या पाठीवरून हे गोदाम भरलं आणि रिकामं झालं, त्यांच्या हातची या इमारतीतली एवढीच खूण आहे. तो सहा फुटांचा तुकडा आम्ही गिलावा न करता तसाच ठेवला आहे.

सिमेंटचा गिलावा काढून टाकायची काय गरज होती?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर आमच्या चुकीतूनच मिळालं आहे.

काही वर्षांपूर्वी खालच्या भिंतींना ओल आली, हाताला पांढरी पावडर लागू लागली. त्याला आमच्याकडं लोणा लागला म्हणतात. एका ठेकेदारानं जुना चुना खरवडून सिमेंटचा जाड गिलावा केला आणि वर चकचकीत रंग दिला. दोन पावसाळे भिंत छान दिसली. तिसऱ्या वर्षी ओल कंबरेऐवजी डोक्याच्या उंचीवर होती. गिलाव्यावर बोटानं टकटक केलं तर पोकळ आवाज यायचा. एक तुकडा उचकटला तेव्हा त्याच्या पाठीला विटेचा पुढचा थर चिकटून बाहेर आला. मागं उरलेली वीट नखानं खरवडली तरी भुगा पडत होता.

कारण साधं आहे. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. जमिनीतलं पाणी ती वर ओढते आणि ते पाणी विटांमधल्या चुन्याच्या दरजांतून (सांध्यांतून), चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जातं. बरोबर आलेले क्षार चुन्यात साठतात. दहा-वीस वर्षांनी तेवढा चुना झडतो, तो नवा भरायचा. म्हणजे झिजायचं काम चुन्याचं, वीट शाबूत. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि घट्ट. पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते आणखी वर चढतं, क्षार विटेच्याच पोटात जमतात, फुगतात आणि वीट आतून फोडतात. म्हणजे झिजायचं काम विटेवर येतं.

दुसरं कारण रस्ता. पूर्वी दुकानात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता एक उरली आहे. प्रत्येक वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकत गेले, दगडी जोतं रस्त्याखाली गेलं आणि पावसाचं पाणी थेट विटेला लागू लागलं. गोलाईभोवतीच्या कितीतरी इमारतींची हीच तक्रार आहे. रस्ता नवा करताना आधीचा थर खरवडून काढा, एवढी एक मागणी सगळ्या दुकानदारांनी मिळून नेटानं लावून धरली तरी निम्म्या इमारतींची ओल थांबेल. आम्ही आमच्यापुरतं भिंतीलगत फूटभर रुंदीची चर खोदून त्यात खडी भरली आणि पाणी नालीकडं काढून दिलं. खर्च थोडा आणि गुण सगळ्यात मोठा.

चुन्याचं काम कसं करतात? कोण करतं?

काळ्या रानात आणि ओढ्याकाठी चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजले की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की उकळ्या फुटतात. या वेळी लांब उभं राहा, डोळ्यांना चष्मा लावा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विरलेला चुना निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. मग त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. आम्ही एक भाग चुन्याला वाळू आणि सुरखी मिळून तीन भाग घेतो. पूर्वी हे सगळं बैलाच्या घाणीत मळायचे, आम्हाला यंत्राची घाणी भाड्यानं मिळाली.

गूळ, बेलफळ, उडीद, मेथी यांबद्दल फार विचारतात. जुने गवंडी हे घालायचे, आम्हीही थोडा गूळ आणि बेलाचं पाणी वापरलं. पण पाककृती शोधण्यात वेळ घालवू नका. चुना नीट मुरलेला असणं आणि भिंत ओली ठेवणं या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर बेलफळ काही करत नाही. तंतूंचं मात्र महत्त्व आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत आणि तो गिलावा शतकानुशतकं टिकला. आम्ही बारीक कापलेला ताग घातला.

चुना उन्हात भराभर वाळला की भुसभुशीत राहतो. त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घ्यायचा असतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. म्हणून आम्ही भिंतीवर ओलं बारदान टांगतो. गोदामात जुन्या पोत्यांचा ढीग होता, तो असा कामाला आला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी काम पूर्ण बंद ठेवलं. माणसांना प्यायला पाणी नसताना भिंतीला पाणी पाजणं शक्यच नव्हतं. चुन्याच्या कामाला पावसाळा संपल्यानंतरचे दिवस उत्तम, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत.

गवंड्यांबद्दल: चुन्यात हात चालणारी माणसं कमी आहेत, पण आहेत. मशिदी, दर्गे, जुनी देवळं यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडं चौकशी करा. आमचे गवंडी चाचा पहिल्या दिवशी भिंतीला नुसता तळहात लावून फिरले आणि म्हणाले, "सिमेंट काढा और एक उन्हाळा भिंत को खुला छोड़ दो. सुखने दो. मग मैं हात लावतो." काम चार महिने लांबलं. त्यांचं ऐकलं नसतं तर सगळा नवा चुना पुन्हा फुगला असता.

फुटलेल्या विटांच्या जागी नव्या विटा चालतात का?

आजची वीट मापानं वेगळी आहे, म्हणून थर जुळत नाहीत. आधी गावात पडत असलेल्या जुन्या इमारतींकडं लक्ष ठेवा. ढिगाऱ्यातून चांगल्या विटा निघतात आणि बहुतेक लोक त्या भरावाला टाकतात.

प्रत्येक वीट दुसऱ्या विटेवर वाजवून बघायची. खणखणली तर घ्यायची, बद्द वाजली तर बाजूला. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटीनं एकेका संताचं डोकं ठोकून मडकं पक्कं की कच्चं ते पाहिलं, ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत असते. विटांचा ढीग निवडताना आमच्या मजुरांना समजावून सांगायची वेळच आली नाही. मग वीट रात्रभर पाण्यात भिजवायची, कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते.

छत गळतं, काय करावं?

मागच्या अर्ध्या भागाला आमच्याकडं माळवद आहे, सागवानी तुळया आणि किलचांवर (त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या लाकडी फळ्यांवर) मातीचा थर. दर उन्हाळ्यात वर थोडी माती चढवायची पद्धत, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या वजन वाढत गेलं. आम्ही वरची माती उतरवायला घेतली तेव्हा थर गुडघ्यापर्यंत निघाला. जादा माती काढली, पन्हळी मोकळ्या केल्या, तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं तपासली. वाळवी आणि कुज कायम तिथंच लागते. तुळई मधोमध ठणठणीत दिसते आणि टोकाला सुरी घातली तर मुठीपर्यंत आत जाते.

गर्डरचं दुखणं वेगळं. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरची फरशी उचलतं. गंज घासून रंग देणं दर काही वर्षांनी करावंच लागतं.

भिंतीत पिंपळ उगवला आहे. उपटू का?

मोठा झाला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर विटा येतील. वरून छाटा, खोड मारा, मुळं वाळू द्या, मग तेवढा भाग उकलून पुन्हा बांधा. बोटाएवढा असतानाच काढला तर यातलं काहीच करावं लागत नाही. पावसाळ्यानंतर एकदा शिडी लावून सगळ्या भिंती बघत चला.

उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात मिटतात. हे कसं?

काळी माती. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंत तिच्याबरोबर खाली-वर होते. अशा भेगेत सिमेंट भरू नका. भेगेवर आडवी काचपट्टी चुन्यानं चिकटवा, तारीख लिहा आणि वर्षभर बघा. काच तडकली तर भेग चालू आहे, इंजिनिअर बोलवा. शाबूत राहिली तर चुन्यानं भरा.

किल्लारीच्या भूकंपात या इमारतीला काय झालं? ती सुरक्षित आहे का?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. मी तेव्हा शाळेत होतो, आजोबांनी मला हाताला धरून रस्त्यावर आणलं ते आठवतं. आमच्या इमारतीचा वरचा कठडा एका कोपऱ्यात कोसळला आणि दोन महिरपींना भेगा गेल्या. तिकडं किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली.

तेव्हापासून आमच्याकडं जुनं बांधकाम म्हटलं की लोक घाबरतात, आणि घाबरणं चूक नाही. पण त्या पहाटे नेमकं काय पडलं ते समजून घ्यायला हवं. बहुतेक घरांच्या भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या होत्या, दोन-दोन हात जाड. बाहेरचा आणि आतला असे दोन पदर, मध्ये भरड, आणि दोन पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचं प्रचंड वजन. हादरा बसला तसे पदर सुटले आणि छत खाली आलं. कितीतरी ठिकाणी लाकडी खण (खांब-तुळयांचे सांगाडे) उभे राहिले आणि भिंती तेवढ्या गेल्या.

पक्क्या विटेची, चुन्यात बांधलेली, थराथरांनी एकमेकांत गुंतवलेली भिंत यापेक्षा बरी, पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. १९९३ साली हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता, २००२ मध्ये तो तिसऱ्या क्षेत्रात आला. आम्ही इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली. जुन्या बांधकामाच्या मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक आहे, तुमचा इंजिनिअर ते वापरतो का ते विचारा. आमच्याकडं चार कामं झाली: माळवदाचं वजन उतरवलं, समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळ्या आणि बाहेरून पट्ट्या लावून एकमेकींना बांधल्या, मजल्याचे गर्डर भिंतींत पक्के अडकवले आणि कठडा कमी उंचीचा करून मागून बांधून घेतला. बाहेरून दिसणाऱ्या लोखंडी पट्ट्या कुरूप वाटतात असं काही जण म्हणतात. त्या तशाच राहतील. खाली माणसं बसतात.

अशा इमारतीला कायद्याचं संरक्षण मिळतं का?

पुरातत्त्व खात्याचं संरक्षण वेगळं. राज्याच्या १९६० च्या आणि केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानं जी स्मारकं घोषित होतात, त्यांत बाजारातल्या खासगी आडती सहसा येत नाहीत. आपल्यासाठी वाट आहे ती नगररचनेची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे, तीन श्रेणी आहेत. यादीत आल्यावर मोठ्या बदलांना समितीची संमती लागते. "यादीत गेलं की खिळाही ठोकता येत नाही" ही अफवा आहे. नेहमीची दुरुस्ती थांबत नाही.

एक सावधगिरी. तुमची इमारत केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल, जसं छत्रपती संभाजीनगरात बऱ्याच ठिकाणी आहे, तर १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. काम काढण्याआधी विचारा.

भाडेकरू दुरुस्ती करू देत नाहीत, किंवा मालक करत नाही. काय करावं?

दोन्ही बाजूंनी मला फोन येतात. भाडेकरूला भीती असते की एकदा बाहेर पडलो की गाळा गेला, आणि ती भीती अनुभवातून आलेली असते. आम्ही लेखी करार केला: एका वेळी एकच गाळा, तेवढे दिवस माल आमच्या गोदामात, भाडं माफ, आणि काम संपल्यावर तोच गाळा त्याच क्षेत्रफळाचा. पहिल्या दुकानदाराला त्याची जागा परत मिळाली ते बाकीच्यांनी पाहिलं, मग अडचण आली नाही.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. नोटीस देऊनही त्यानं केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वकिलाशी एकदा बोलून मगच पाऊल उचला.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. आता पाडावीच लागेल?

नाही, पण नोटीस खणात टाकून बसू नका. महानगरपालिकेत कलम २६४ खाली आणि नगरपालिकेत कलम १९५ खाली अशा नोटिसा येतात. आधी संरचना तपासणी करून घ्या, आणि इंजिनिअर असा निवडा ज्यानं विटा-चुन्याचं काम पाहिलं आहे. फक्त काँक्रीट शिकलेला माणूस प्रत्येक जुन्या भिंतीला धोकादायक लिहितो. अहवालात दुरुस्ती शक्य आहे असं आलं तर तो जोडून लेखी उत्तर द्या आणि कामाचं वेळापत्रक द्या. तोवर धोक्याच्या भागाला टेकू लावा आणि तिथून माणसं हलवा. ही शेवटची गोष्ट कुणी सांगायची वाट बघू नका.

पाडून कॉम्प्लेक्स बांधला तर जास्त पैसे मिळतील ना?

मिळतील. घरात यावर भांडणं झाली आहेत आणि काकांचं म्हणणं चूक आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. बांधकामाच्या दोन-तीन वर्षांत भाडं शून्य, भाडेकरूंशी खटले, बँकेचं व्याज. आणि आमच्या बोळात पार्किंगची जागा सोडल्यावर उरतं काय? शेजारच्या नव्या इमारतीचे वरच्या मजल्यावरचे गाळे मी रोज कुलूपबंद बघतो. आमचे खालचे चारही गाळे भरलेले आहेत. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत पंख्यावर भागतं, त्यामुळं गिऱ्हाईक टेकतं, बसतं, चार वस्तू जास्त घेतं. कापड दुकानदार तर दुसरी जागा मिळत असूनही हलला नाही.

काम एकदम काढलं नाही म्हणून झेपलं. दर वर्षी एक भिंत, भाड्यातून जमेल तेवढीच. कर्ज नाही. आता मागची बाजू आणि जिना राहिला आहे.

आत येऊन बघता येईल का?

जरूर या. दुकानं उघडी असताना दुपारच्या वेळी आलात तर बरं, सकाळी माल उतरत असतो. वरच्या मजल्यावर एका वेळी सहा जणांपेक्षा जास्त नको. फोटो काढा, मापं घ्या, वीट वाजवून बघायची असेल तर अंगणात ढीग आहे. गोदामातल्या कोळशाच्या रेघांना मात्र हात लावू नका, त्या बोटानं पुसल्या जातात.